करुणाबाईंची दुभाषी

त्या वर्षांत आमच्या घरातलं बोलणं नेहमी तिरकं चालायचं. आई मराठीत विचारायची, मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, आणि बाबा ऑफिसातून आले की दोघींच्या मध्ये इंग्रजी घालून काहीतरी तिसरंच बोलायचे. जर्मनीतल्या वाल्डॉर्फला आलो तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. बाबांची सॉफ्टवेअर कंपनी गावाच्या कडेला, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सगळ्या गल्लीतली रोलाडेन, म्हणजे खिडक्यांवरची गुंडाळती झडपं, एकामागून एक खडखडत वर जायची, तेवढाच काय तो मोठा आवाज. रविवारी तर तोही उशिरा. एकदा रविवारी आमच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई काही फुटलं का ते विचारायला वर आल्या होत्या. तेव्हापासून रविवारचा वरण-भात आई शनिवारीच लावून ठेवायची. पुण्याला ती शाळेत मराठी शिकवायची. इथल्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. आठवड्यातून दोनदा ती जर्मनच्या वर्गाला जायची आणि घरी येऊन नामांची लिंगं पाठ करत कांदा चिरायची. पण तिचं जर्मन भाजीच्या दुकानापुरतंच राहिलं. माझं उलट होतं. मला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र यायचं नाही. आलंच तर पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायच्या कवितेसारखं, हात बांधून. आई म्हणायची, "तुझं मराठी फ्रीजमध्ये आहे. कधीतरी बाहेर काढावं लागेल." मी खांदे उडवायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला आईची भाषा म्हणजे आईचाच एक हट्ट वाटतो.

तो फोन आला त्या शनिवारी आई थालीपीठं लावत होती. ज्वारीचं पीठ हायडेलबर्गच्या एशियन दुकानात मिळायचं तेव्हा मिळायचं. एरवी ती राय या इथल्या धान्याच्या पिठात बेसन मिसळून भागवायची, आणि ती काळपट थालीपीठं मला, खरं सांगते, पुण्यातल्यापेक्षाही आवडायची. फोन मी घेतला. पलीकडे मोनिका नावाची परिचारिका होती. तिची मुलगी माझ्या शाळेत होती, तिच्याकडून तिनं आमचा नंबर घेतला होता. ती शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात काम करायची. म्हणाली, "आमच्याकडे एक बाई आहेत, फ्राउ हार्टविग. भारतातल्या आहेत. पन्नासएक वर्षं इथं राहिल्यात, पण तीन आठवड्यांपूर्वी मेंदूला छोटा झटका आला आणि त्यांचं जर्मन गेलं. इंग्रजीही गेलं. सारखं काहीतरी बोलतात. आम्ही एका भारतीय डॉक्टरांना ऐकवलं, ते म्हणाले ही हिंदी नाही. तू ऐकतेस का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं फोन त्या बाईंच्या तोंडाशी धरला. थोडी खरखर झाली, आणि मग एक जाड, वापरलेला, पण बाईचाच असा आवाज आला: "अगं, पाणी दे की गं. किती वेळ झालं मागतेय."  पिठाचे हात तसेच वर धरून आई बघत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही कुठल्या?"  पलीकडून रडणं ऐकू आलं, आणि रडण्यातून एक शब्द: "नगरची." आई माझ्याकडे वळली. "सांग त्या मोनिकाला, पाणी हवंय त्यांना. साधं पाणी." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मोनिका म्हणाली, "आख गॉट, अरे देवा." त्यांनी त्या बाईंना सफरचंदाचा रस दिला होता, ब्लँकेट दिलं होतं, रेडिओ लावून दिला होता, पाद्रीसुद्धा बोलावून आणला होता.

दुपारीच आम्ही बसनं गेलो. आईनं डब्यात दोन थालीपीठं आणि दही घेतलं होतं. खोली लहान होती, पण खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसायचे. खुर्चीत एक सावळी, उंच, हाडापेरानं रुंद बाई बसली होती. पांढरे केस मानेवर आखूड कापलेले, ओठांना मात्र लाल लिपस्टिक. ती रोज सकाळी मोनिका लावून द्यायची, नाहीतर त्या न्याहारीला हात लावायच्या नाहीत. आईनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. "पोरी, तू साळव्यांच्या गल्लीतली का?" आई म्हणाली, "नाही हो, मी पुण्याची. तुम्ही साळवे का?" "करुणा साळवे," त्या म्हणाल्या, पट वाचणाऱ्या मास्तरांपुढे हजेरी द्यावी तसं. मग डब्याकडे बघून म्हणाल्या, "मीठ जास्त नाही ना? मला गायचंय." आईनं तुकडा मोडून हातात दिला. त्या डोळे मिटून किती तरी वेळ चावत राहिल्या. त्यांचं मराठी ऐकताना आई चकित झाली होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ते जुनं होतं. आईच्या आजीच्या वयाच्या बायका बोलायच्या तसं. पन्नासएक वर्षं कुणाशी बोललंच गेलं नसल्यामुळे ते तसंच्या तसं उरलं होतं. चर्चला त्या देऊळ म्हणायच्या. "आम्ही देवळात चार आवाजात गायचो," असं म्हणाल्या तेव्हा मी मनात घंटा आणि गाभारा बघत होते. नगरचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात, हे आईनं परतताना बसमध्ये सांगितलं.

त्यानंतर आम्ही मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी जायला लागलो. करुणाबाई बोलायच्या, आई समजून घ्यायची, मला सोपं करून सांगायची आणि मी ते जर्मनमध्ये मोनिकाला सांगायचे: उशी उंच हवी, डाव्या गुडघ्यात कळ येते, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानं पायमोजे चोरले. महिनाभरात आईची मधली पायरी गळून पडली. मी थेट त्यांचं ऐकायला लागले, आणि न कळत उत्तरही मराठीत द्यायला लागले, कारण त्यांना दुसरं काही कळतच नव्हतं. माझ्या चुकांना त्या हसायच्या नाहीत. "ती उशी" म्हणायच्या ऐवजी मी "तो उशी" म्हटलं की आपलं बरोबर वाक्य पुन्हा एकदा सहज म्हणायच्या आणि पुढे जायच्या. आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते त्या खोलीत शिकले त्या मराठीत. आईनं मला अक्षरं दिली, पण जीभ सैल झाली ती तिथं. आईनं नियम मात्र पहिल्याच आठवड्यात घालून दिला होता. "हे बघ, दुभाष्यानं आपलं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही. जे बोलतील तेच."

शनिवारी करुणाबाईंचा मुलगा यायचा. रायनर हार्टविग, पन्नाशीचा, आईसारखाच उंच आणि रुंद, पण रंगानं फिकट. घरोघरच्या हायझुंगची, म्हणजे हीटिंगची, दुरुस्ती करायचा. हात धुतले तरी त्याच्या बोटांच्या पेरांत तेल उरलेलं असायचं. आपल्या आईशी त्याचं कधी फारसं जमलं नव्हतं, असं मोनिका म्हणाली, पण गेली वीस वर्षं एक शनिवार त्यानं चुकवला नव्हता. तो यायचा, किराणा आणायचा, घरातलं काय बिघडलं असेल ते दुरुस्त करून जायचा. आता वृद्धाश्रमात बिघडलेलं काही नसायचं, तरी तो खोली तापवणाऱ्या रेडिएटरपाशी गुडघ्यावर बसून लहानशा किल्लीनं त्यातली हवा काढत राहायचा. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर मराठीत बोलले तेव्हा त्यानं वर बघितलं. "तुला कळतं ती काय म्हणते?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मला पन्नास वर्षांत कळलं नाही," आणि पुन्हा किल्ली फिरवायला लागला. मला तो आवडायचा. माझ्यासाठी तो बेकरीतून तीळ लावलेला ब्रेत्सेल, तो गाठ मारलेला पाव, आणायचा, कधी न बोलता नुसता टेबलावर ठेवायचा.

करुणाबाईंची गोष्ट आम्हाला सरळ कधी मिळाली नाही. त्या सांगायच्या तेव्हा ती जणू आत्ताच चालू असायची. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे, इस्त्री झाली का, असं. रायनरनं एक सुटकेस आणून दिली, तिच्यात फोटो होते, आणि आई एकेक फोटो त्यांच्या हातात देऊन तुकडे जुळवायची. त्यांचे वडील, बापूजी, मिशनच्या शाळेत मास्तर. देवळातलं गाणंही तेच बसवायचे. करुणा नऊ वर्षांची असल्यापासून मातीला गायची. गावात कुणी ख्रिस्ती माणूस गेलं की कबरीपाशी तिला उभं करायचे. "लहान पोरीच्या आवाजानं रडणाऱ्याला रडू येतं, असं बापूजी म्हणायचे. लई मेली तेव्हा माणसं, तापानं. मी शाळेपेक्षा कबरस्तानात जास्त उभी राहिले." मग मुंबईला नर्सिंगचं शिकायला गेल्या. लढाई चालू होती, इस्पितळं शिपायांनी भरलेली. नाताळात वॉर्डात गायल्या, आणि भावाला भेटायला आलेल्या एका गोव्याच्या बँडमास्तरनं ते ऐकलं. फर्नांडिस मास्तर. मोठ्या हॉटेलात त्यांचा पंधरा माणसांचा बँड होता, समोर गोरे साहेब आणि मडमा नाचायच्या. मास्तर एवढंच म्हणाले, "पोरी, शनिवारी ये." मागून टाचण्या लावून घट्ट केलेला उसना सॅटिनचा झगा घालून ती मुलगी उभी राहिली. "भीती नाही वाटली का?" आईनं विचारलं. करुणाबाई म्हणाल्या, "पंधरा माणसं मागं एकदम श्वास घेतात ना, तो मानेला लागतो. आजवर माझ्या मागं कुणी नव्हतं उभं राहिलं. भीती कशाची?"

ब्लूज, ती अमेरिकेतली दुःखाची गाणी, त्यांना बँडमधल्या एका काळ्या अमेरिकन पियानोवाल्यानं शिकवलं. तो लढाईच्या आधी मुंबईला आला होता आणि परत जायला तयार नव्हता, कारण मुंबईत त्याला, अमेरिकेतल्यासारखं मागच्या नव्हे, पुढच्या दारानं आत येता यायचं. त्यानं विचारलं, तुमच्याकडे दुःखाचं काय गाता? त्यांनी मातीचं एक गाणं म्हटलं. तो ऐकून म्हणाला, तुला हे येतंच, फक्त शब्द बदलायचे आहेत. नाव मास्तरांनी बदललं: करुणा साळवेची कोरा सॉल झाली. कोरा सॉलचा फोटो पेपरात छापून आला, नगरला पोचला, आणि बापूजींचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: करुणा आमच्या घरी वारली. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. "अक्षर सुरेख होतं," म्हणाल्या. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली गर्दी ओसरली, गोरे साहेब आपल्या देशाला गेले. उरलेली नऊ माणसं घेऊन मास्तर बोटीनं युरोपात आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात बँड फुटला. बाकीचे परतले. करुणाबाईंना परतायला घर नव्हतं. मानहाइम, हायडेलबर्गकडे अमेरिकन सैनिकांचे क्लब होते, तिथं त्या गायल्या. मग एका जर्मन नृत्य-ऑर्केस्ट्रात. सुटकेसमधल्या पोस्टरांवर कोरा सॉल कधी क्युबाची होती, कधी इजिप्तची, एकदा तर हवाईची, गळ्यात कागदी फुलं घातलेली. "नगरची कधीच नव्हते," त्या म्हणाल्या. तिथंच हार्टविग भेटला, ट्रॉम्बोन वाजवायचा. लग्न झालं, मुलगा झाला, आणि दोन वर्षांचा असताना त्याला ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात, सासूकडे ठेवलं. ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरायचा. रायनर दहा वर्षांचा झाला तोवर लोकांना गिटारवाली पोरं आवडायला लागली होती. ऑर्केस्ट्रा बंद पडला, हार्टविग दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला, आणि करुणाबाईंनी मुलाला घरी आणलं. त्यानंतर पेन्शनीपर्यंत त्या हायडेलबर्गच्या एका मोठ्या दुकानात हातमोजे विकत होत्या. त्या कधी गुणगुणल्याचंही रायनरला आठवत नव्हतं.

पण त्या शरद ऋतूत एकदा गायल्या. चारच्या कॉफीला सगळे म्हातारे बैठकीच्या खोलीत होते आणि कुणीतरी रेडिओवर जुनं नाचाचं संगीत लावलं होतं. करुणाबाईंनी मान वर केली, एक मात्रा थांबल्या, आणि गाणं उचललं. इंग्रजी शब्द, एकही चुकला नाही. आवाज फाटलेला होता. पण त्या शब्दाच्या जरा मागून यायच्या, जणू आधी शब्दाला जाऊ देत आहेत. एका म्हातारीनं चमचा खाली ठेवला. दाराशी मोनिका ट्रे घेऊन तशीच उभी होती. गाणं संपलं तेव्हा करुणाबाई आईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काय म्हणाले गं मी?" अर्थ गेला होता, गाणं उरलं होतं. त्या दिवशी आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "अहो, आजचं जेवण तुम्हीच वाढून घ्या," आणि बाल्कनीत जाऊन बसली.

नोव्हेंबरात पुण्याला आजोबा आजारी पडले आणि आईला जावं लागलं. विमानतळावर तिनं माझा स्कार्फ नीट केला. "करुणाआजींकडे जात जा. तुझ्याशिवाय त्यांना कुणी नाही आता." पुढच्या शनिवारी मी एकटी गेले. धुकं होतं, तीन वाजताच दिवे लावले होते. रायनर रेडिएटरपाशी होता, पण किल्ली त्याच्या हातात नुसतीच होती. तो म्हणाला, "तिला एक विचारशील का? मी सहा वर्षांचा होणार होतो. तिनं ओमाला, माझ्या आजीला, पत्र लिहिलं होतं की वाढदिवसाला येईन आणि मला कायमचा घेऊन जाईन. ओमानं माझी बॅग भरली. आम्ही दुपारी स्टेशनवर जाऊन बसलो. ती आली नाही. मग चार वर्षं आली नाही. तिला विचार, का नाही आली." मी म्हटलं, "तुम्ही कधीच विचारलं नाही?" तो म्हणाला, "विचारता येत होतं तेव्हा विचारायचं नव्हतं."

मी खुर्चीजवळ स्टूल ओढलं. "आजी, रायनर विचारतोय." त्या म्हणाल्या, "कोण रायनर?" "तुमचा मुलगा. सहावा वाढदिवस होता त्याचा. तुम्ही आणायला येणार होता. का नाही आलात?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं, आवाज खाली आणून, सांगायला लागल्या. "गेले होते की गं. गेले होते. उतरले फलाटावर. गाडी निघून गेली तशी समोरचं बाक दिसलं. मध्ये रूळ. पलीकडे म्हातारी आणि पोर. भांग पाडलेला, बूट चमकत होते. त्यानं म्हातारीच्या दंडावर डोकं ठेवलं होतं. ते पोर तिचं होतं, माझं नव्हतं. मी शेडच्या आडोशाला उभी राहिले, तासभर. मला कळत होतं, रूळ ओलांडले की गाणं संपलं. पोर घेऊन कुठं गाणार? मला गायचं होतं. पुढची गाडी आली, चढले." मी रायनरकडे बघितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "आणि त्या दिवशी संध्याकाळी, पोरी, असा आवाज लागला! जन्मात तसा कधी लागला नाही. ना आधी, ना नंतर."

"काय म्हणाली?" रायनरनं विचारलं. तो उठून उभा राहिला होता. इतका मोठा माणूस, आणि हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते. ही सबब नाही, पण होते. मी म्हटलं, "त्या म्हणतात, मानहाइमला त्यांची गाडी चुकली. दुसरी गाडी नव्हती. त्या खूप रडल्या." आपला आवाज मला इतका सराईत वाटला की मीच दचकले. रायनरनं मान हलवली, एकदा, दोनदा. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो खिडकीकडे वळून रडायला लागला, खांदे हलवत, आवाज न करता. करुणाबाईंनी मला विचारलं, "त्या माणसाला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आजी." बसमध्ये बसल्यावर मला वाटलं की मी फार मोठं, फार चांगलं काम केलं आहे. ती बस, तो वाफाळलेल्या काचेवर बोट फिरवणारा माझा हात, आणि ते समाधान, हे तिन्ही मला आजही आठवतात, आणि त्यांतलं तिसरं सगळ्यात जास्त लागतं.

करुणाबाई जानेवारीत गेल्या, दुपारच्या झोपेत. आई परत आली होती. मातीला आम्ही तिघं, मोनिका, रायनर आणि हातमोज्यांच्या दुकानातल्या दोन म्हाताऱ्या बायका, एवढेच होतो. जमीन गोठलेली होती. पाद्रीचं झाल्यावर आईनं मला न विचारता, कुणालाच न विचारता, तिच्या साध्या शाळामास्तरणीच्या आवाजात करुणाबाईंनी तिला शिकवलेलं मातीचं एक गाणं म्हटलं. नंतर सगळे जवळच्या कॅफेत कॉफी घ्यायला बसले. रायनर माझ्या शेजारी आला. केकला त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "तुला एक सांगतो, म्हणजे कुणाला तरी माहीत असेल. गाडी चुकली नव्हती. ती आली होती. मी बघितलं तिला, समोरच्या फलाटावर, शेडपाशी. हिरवा कोट होता. ओमाला लांबचं दिसायचं नाही. मी हाक मारली नाही, कारण मला वाटलं हाक मारली तर ती जाईल. मग ती गेलीच."  तो पुढे म्हणाला, "मला कारण नको होतं. कारण मला माहीत होतं. मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं की ती तिथं होती. पण शेवटच्या वेळीही, स्वतःच्या भाषेतसुद्धा, ती खोटंच बोलली." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही. तू जे ऐकलंस ते सांगितलंस."

तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर आई बसली होती, मोनिका होती, मी कॉफीतली साखर ढवळत राहिले. मग परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला, आणि दर महिन्याला ते सांगणं आदल्या महिन्यापेक्षा अवघड होत गेलं. माणसं म्हणतात, खोटं बोललं की झोप लागत नाही. मला झोप लागायची. पण रायनर त्याच्या गाडीतून गावात दिसला की मी दुकानात शिरायचे. चार वर्षं मी त्या माणसाला चुकवत फिरले, आणि तो मात्र दर नाताळला आमच्या टपालपेटीत चॉकलेटचा डबा टाकायचा. आखनला कॉलेजसाठी निघायच्या आदल्या आठवड्यात मी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून तिनं घडी तशीच मांडीवर ठेवली. मला ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या बाईंनी आयुष्यात एकदा मुलाला खरं सांगितलं, आणि ते तुझ्यापाशी अडकलंय. उद्या जा."

मी सायकलनं गेले. रायनर अंगणात शिडी धूत होता. त्यानं खुर्ची दिली, मी बसले नाही. सगळं सांगितलं, उभ्यानंच. आधी करुणाबाईंचं मराठी, जसंच्या तसं, कारण ते मला पाठ होतं. मग एकेक वाक्याचं जर्मन. बाक, भांग, चमकणारे बूट, शेड, तासभर. गाणं संपलं असतं, ते. त्यानं पाण्याचा नळ बंद केला. "तासभर," तो म्हणाला. "हो. मलाही तेवढंच वाटलं होतं." मग विचारलं, "ती रडली होती का, सांगताना?"

"नाही."

"आणखी काही म्हणाली?"

ते शेवटचं वाक्य मी घरातून निघताना गाळायचं ठरवलं होतं. सायकलवर पूर्ण रस्ताभर ठरवलं होतं. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि मी सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी असा आवाज लागला, जन्मात तसा कधी लागला नाही. ना आधी, ना नंतर.

रायनर शिडीच्या पायरीवर बसला. ओले हात त्यानं पँटला पुसले. मग म्हणाला, "ना डान." जर्मन माणूस हे दोन शब्द रोज वीसदा म्हणतो, बरं तर मग, एवढाच त्यांचा अर्थ. तेवढंच म्हणून त्यानं मला घरी जायला सांगितलं, रागानं नाही, अगदी नीट, फाटकापर्यंत सोडायला येऊन. त्या नाताळला आमच्या पेटीत डबा आला नाही, पुढेही कधी आला नाही. मी पुन्हा गेले नाही. आईनं एकदा त्याला बाजारात बघितलं. तो तिच्याशी हवापाण्याचं बोलला, माझं नाव त्यानं काढलं नाही.